दोडामार्गची रेघ ते स्विंडनचं किचन: या विषयात पीएचडी करायची असेल तर

मागच्या महिन्यात एका मुलीनं विचारलं, ताई, एमकॉम झालं, नेट झाली, आता पीएचडीला "इन्स्टिट्यूशन्स आणि सीमेपलीकडचा उद्योग" असा विषय घेऊ का, सर म्हणतात स्कोप आहे. तिला फोनवर तासभर सांगितलं तरी निम्मं राहिलंच, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय. मी २०१८ला रजिस्ट्रेशन केलं, २०२३ला व्हायवा झाली, मधे कोविड गेला, एक अख्खा चॅप्टर फेकून द्यावा लागला, आणि तरी आज कोणी विचारलं तर मी परत हाच विषय घेईन. गोव्यात वाढलेल्या माणसाला हा विषय लहानपणापासून दिसत असतो, आपण त्याला विषय म्हणत नाही एवढंच.

माझंच सांगते. आमचं गाव डिचोली तालुक्यात, गोवा-महाराष्ट्र हद्दीवरचा दोडामार्गचा चेकपोस्ट घरापासून दहा मिनिटांवर. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागेत गेलात तर झाड बघून कोणाला सांगता येणार नाही की हे गोव्यातलं की महाराष्ट्रातलं, बोंडू तोच, बी तीच, बोंडू वेचणाऱ्या बायकासुद्धा एकमेकींच्या नात्यातल्या. पण रेघेच्या अलीकडे, म्हणजे गोव्यात, रस भट्टीवर चढवायचा तर एक्साईजचं लायसन्स, झोनची पावणी म्हणजे लिलाव, सगळं ठरलेलं, आणि २००९ला काजू फेणीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून "फेणी" हे नाव फक्त गोव्यात गाळलेल्या दारूलाच लावता येतं. पलीकडच्या माणसानं अगदी तशीच गाळली तरी तिला फेणी म्हणून विकता येत नाही. बरं, गोव्याची फेणी तरी मोकळी आहे का, तर ती कागदावर वर्षानुवर्षं "कंट्री लिकर", त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या दुकानात ठेवायची म्हटलं की अडलंच, २०१६ला आपल्या सरकारनं तिला हेरिटेजचा दर्जा दिला पण बाकीच्या राज्यांचे एक्साईजचे नियम त्यांचे त्यांच्याकडे राहिले. म्हणजे झाड एक, माणसं एक, कष्ट तेच, मधे एक रेघ, आणि रेघेच्या दोन बाजूंना धंदा वेगळा होतो. देशादेशांमधल्या रेघेचं पण हेच आहे, तिथे कागद जास्त आणि पैसा जास्त अडकतो.

आता पहिली अडचण, शब्दाचीच. मराठीत "संस्था" म्हटलं की डोळ्यासमोर पतसंस्था, शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, म्हणजे बोर्ड लावलेली जागा येते. या विषयात संस्था म्हणजे ती जागा नाही. डग्लस नॉर्थ या अर्थशास्त्रज्ञानं १९९०मध्ये हा फरक स्वच्छ करून ठेवला, की संस्था म्हणजे खेळाचे नियम, आणि बँक, कंपनी, खातं, युनिव्हर्सिटी हे सगळे खेळाडू. १९९३ला त्याला नोबेल मिळालं, रॉबर्ट फोगेलबरोबर विभागून. मी पहिल्या सहा महिन्यांत चक्क खेळाडूंवर लिहीत बसले होते, कुठलं खातं काय करतं, कुठली बँक काय देते, आणि कमिटीतल्या एका मॅडमनी विचारलं की यात नियम कुठे आहेत, तेव्हा कळलं. तुम्ही हा घोळ पहिल्याच आठवड्यात संपवा. माझ्या टिपणांमध्ये मी सरळ "नियम" आणि "खेळाडू" असेच दोन रंग केले होते.

नियम पण दोन जातींचे, लिहिलेले आणि न लिहिलेले. रिचर्ड स्कॉट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९९५मध्ये त्याचे तीन खांब केले, एक कायद्याचा, एक रीतीचा म्हणजे लोक काय बरोबर मानतात त्याचा, आणि एक डोक्यातल्या समजुतीचा, म्हणजे आपल्याला काय करणं शक्य आहे असं वाटतं त्याचा. इंग्रजीत वाचताना हे फार अवघड वाटतं पण गावात बघा. एक्साईजचं लायसन्स हा कायदा. ठरलेल्या माणसालाच दरवर्षी बिया घालायच्या, दुसऱ्यानं किलोमागं दोन रुपये जास्त दिले तरी, ही रीत. आणि "आमच्यात कोणी धंदा करत नाही, सरकारी नोकरी बघ" ही समजूत. तिसरा खांब सगळ्यात कमी मोजला जातो आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जड तोच आहे. डिचोलीत खाणी चालू होत्या तेव्हा ट्रक घेणं हाच धंदा असं अख्ख्या तालुक्याला वाटायचं, २०१२ला खाणी बंद पडल्यावर ट्रक दारात उभे राहिले, हप्ते चालू, आणि तरी लोक दुसरा धंदा बघायला तयार नव्हते कारण "खाणी परत चालू होतील". कुठल्या कायद्यानं त्यांना अडवलं नव्हतं.

गोवा या विषयाला इतका चांगला का आहे ते जरा सविस्तर सांगते कारण इथे राहून सुद्धा विद्यार्थी उठसूट अमेरिका-चीनचीच तुलना घेतात.

आपल्याकडे अजून १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो, त्यात लग्न झालं की वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. म्हणजे घर गहाण टाकून धंद्याला कर्ज घ्यायचं तर दोघांच्या सह्या लागतात. महाराष्ट्रात घर नवऱ्याच्या नावावर असेल तर तो एकटा करू शकतो ती गोष्ट इथे होत नाही. आणि पुढे अजून मजबूत गोष्ट, आयकर कायद्यातली एक तरतूद, १९६१च्या कायद्यात ती कलम ५ए होती, त्यानुसार पोर्तुगीज कायद्याखालच्या नवरा-बायकोचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. आमच्या काकांचा काजूगराचा छोटा कारखाना आहे, त्याचा निम्मा नफा काकीच्या रिटर्नमध्ये दिसतो. आता तुम्ही आयकराच्या आकड्यांवरून "गोव्यात बायकांचं धंद्याचं उत्पन्न" मोजायला गेलात तर काय होईल विचार करा. काकी खरंच कारखाना चालवते, सोलणाऱ्या बायकांचा सगळा हिशोब तिच्याकडे, पण शेजारच्या घरी बायकोला दुकानातलं काहीच माहीत नाही तरी कागदावर तीही तेवढीच. माझ्या प्रबंधातलं मला सगळ्यात आवडतं पान हे आहे.

आणि गंमत नाही, फार महत्त्वाची गोष्ट आहे, की खुद्द पोर्तुगालनं तो कायदा बदलला. तिथे १९६७पासून नवीन नागरी कायदा आहे आणि आता करार नसेल तर फक्त लग्नानंतर कमावलेलं सामाईक होतं. जुना कायदा जिथून आला तिथे संपला आणि आपल्याकडे राहिला, कारण १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर आपण तो तसाच चालू ठेवला. नियम एकदा बसला की त्याच्याभोवती वकील, नोटरी, बँकेचे फॉर्म, लग्नाची बोलणी सगळं बसतं आणि मग तो हलत नाही, याला अभ्यासात "पाथ डिपेंडन्स" म्हणतात आणि ते समजावून सांगायला मला याच्याहून चांगलं उदाहरण अजून मिळालं नाही. शिवाय १३ सप्टेंबर २०१९ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर भारतात कुठेही असली तरी वारशाला हाच कायदा लागतो. म्हणजे नियम माणसाबरोबर रेघ ओलांडून गेला. हे वाचल्यावर मी माझा प्रश्नच बदलला. आधी विचारत होते "कुठल्या देशाचे नियम धंद्याला चांगले", नंतर विचारायला लागले "माणूस सीमा ओलांडतो तेव्हा कुठला नियम त्याच्याबरोबर जातो, कुठला मागे राहतो आणि कुठला पलीकडे नवा भेटतो". एवढाच माझा विषय.

वाचायचं काय आणि कुठल्या क्रमानं, हे सगळे विचारतात. मी सांगेन आधी नॉर्थ, मग स्कॉट, मग विल्यम बॉमल, त्यानं १९९०ला असं मांडलं की उद्योगी माणसं सगळ्या काळात साधारण असतातच, नियम कसे आहेत त्यावर ठरतं की ती उपयोगाचं काही उभं करतील की लायसन्स अडवून पैसे खातील की सरळ नासधूस करतील. मग तरुण खन्ना आणि कृष्ण पालेपू, ज्यांनी भारतासारख्या देशांत मधले दलाल-दुवे नसल्यामुळे पडणाऱ्या पोकळ्यांवर लिहिलं. सीमेपलीकडच्या भागासाठी योहानसन आणि वाल्ने यांचं १९७७चं स्वीडनमधलं काम, की कंपनी आधी जवळच्या, ओळखीच्या वाटणाऱ्या देशात जाते आणि पायरीपायरीनं लांब जाते, आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं ओव्हिएट आणि मॅकडूगल यांचं १९९४चं, की काही धंदे पहिल्या दिवसापासूनच बाहेरदेशी असतात. हे सहा वाचून झाले की बाकीचे पेपर कोणाशी भांडतायत ते कळायला लागतं. त्याआधी शंभर पेपर डाउनलोड करून फोल्डर भरू नका, मी भरला होता, उपयोग झाला नाही.

"जवळचा देश" हा शब्द मात्र तपासून घ्या. काकांचा पहिला माल दुबईला गेला. नकाशावर श्रीलंका जवळ आहे पण दुबईला डिचोलीची माणसं आहेत, त्यातल्या एकानं तिथल्या दुकानदाराशी गाठ घालून दिली, त्यामुळे काकांच्या हिशोबात दुबई म्हापशाच्या जरा पुढे आहे.

आता फेकून दिलेल्या चॅप्टरची गोष्ट, कारण ती तुमच्या पण वाटेला येऊ शकते. मी देशांची तुलना वर्ल्ड बँकेच्या "डुइंग बिझनेस"च्या आकड्यांवर केली होती, १९० देश, किती दिवसांत कंपनी निघते, किती प्रोसिजर, सगळं एक्सेलमध्ये तयार मिळायचं. भारत २०१५च्या रिपोर्टात १४०च्या पुढे होता आणि २०२०च्या रिपोर्टात ६३वर आला, माझा अख्खा युक्तिवाद या उडीवर उभा. सप्टेंबर २०२१ला वर्ल्ड बँकेनं तो रिपोर्टच बंद केला, कारण चीन, सौदी अरेबिया, यूएई आणि अझरबैजान यांच्या आकड्यांमध्ये गडबड सापडली होती. त्या रात्री मी जेवले नाही, हे खरं सांगते. गाईडना विचारलं तर म्हणाले एक फूटनोट टाक आणि पुढे चल. मला ते पटलं नाही. आकडे चुकलेत हे जगाला माहीत झाल्यावर त्यावर चॅप्टर ठेवायचा म्हणजे काय. मी तो काढला, आठ महिने गेले, आणि काढताना जे नीट वाचलं त्यात कळलं की भारताचे ते आकडे फक्त मुंबई आणि दिल्लीचे होते. दोनच शहरं. माझा सगळा अभ्यास डिचोली, फोंडा, मडगावच्या माणसांवर आणि तुलना मात्र मुंबई-दिल्लीच्या दिवसांशी! ही चूक बंद झालेल्या रिपोर्टाची नव्हती, माझी होती, मेथडॉलॉजीचं पान मी वाचलंच नव्हतं.

म्हणून कुठलाही तयार डेटा घ्या पण आधी त्याची व्याख्या वाचा. जीईएम (ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर) म्हणून जगभरचा सर्व्हे आहे, १९९९पासूनचा, बॅब्सन कॉलेज आणि लंडन बिझनेस स्कूलनं सुरू केलेला, तो चांगला आहे, देशागणिक किमान २००० प्रौढ माणसांना विचारतात, १८ ते ६४ वयाची किती टक्के माणसं धंदा सुरू करतायत किंवा साडेतीन वर्षांच्या आतला धंदा चालवतायत ते काढतात. पण आमच्याकडे भट्टी लावणारं कुटुंब वर्षातले दोन-तीन महिनेच भट्टी लावतं, बाकी वर्ष शेती आणि कोणीतरी एक जण कंपनीत. त्यांना विचारा "तुम्ही उद्योजक का", ते नाहीच म्हणतील. वर्ल्ड बँकेनं डुइंग बिझनेसच्या जागी २०२४ला बी-रेडी नावाचा नवीन रिपोर्ट काढलाय, पहिल्या फेरीत ५० देश, तो वापरणार असाल तर पुन्हा तेच, आधी मेथडॉलॉजी.

मुलाखतींचं. मी सुरुवातीला सात पॉइंटची प्रश्नावली घेऊन फिरले, "सरकारी धोरणांमुळे माझ्या व्यवसायाला मदत होते: पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत". एका कारखान्यात बसलेले काजूगराचे व्यापारी, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी दहा मिनिटं चष्मा लावून वाचलं आणि सगळ्यावर मधला चार टिक केला. चहा दिला. फारच सभ्य माणूस. मग मी निघताना सहज विचारलं, आजोबा, तुमचा शेवटचा कंटेनर गेला तेव्हा पहिल्या दिवसापासून काय काय झालं ते सांगाल का, आणि ते दीड तास बोलले, मधे उठून फाईल काढून आणली, एकेक कागद दाखवला. त्या दिवसानंतर मी प्रश्नावली बंद केली. तुम्हीही एकच प्रश्न विचारा, शेवटचा माल गेला त्याची गोष्ट, आणि कागदाच्या मागे जा. कागद कोणी दिला, कशावर दिला, किती दिवस लागले, तो नसता तर काय झालं असतं, आणि तो नसताना कोणाच्या शब्दावर काम चाललं.

त्या फायलीत काय असतं ते माहीत असू द्या, नाहीतर माणूस बोलत राहतो आणि आपल्याला कळत नाही. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, तो डीजीएफटी म्हणजे केंद्राच्या परदेशी व्यापाराच्या खात्याकडून, हल्ली पॅन नंबरच तो कोड असतो. मग एडी कोड, म्हणजे आपल्या परकीय चलनाचा व्यवहार बघणाऱ्या बँकेचा कोड, तो ज्या बंदरातून माल जाणार तिथल्या कस्टममध्ये नोंदवावा लागायचा, आणि यातच एकाचं अडकलं होतं, कोड नोंदवलेला मुरगावला आणि कंटेनर पाठवायचा ठरला न्हावाशेवाहून, माल तिथे जाऊन उभा, दिवसाला भाडं चढतंय आणि हा माणूस फोंड्यात बँकेत खेपा घालतोय. जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायची हमी. एफएसएसएआयचं म्हणजे अन्नसुरक्षेचं लायसन्स, फायटोसॅनिटरी म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन म्हणजे माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला, कस्टमचं शिपिंग बिल. हे झाले सरकारी कागद. पण काजूगराच्या व्यापारात अर्धे नियम सरकारचे नाहीतच. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडाला ३२०च्या आसपास गर, डब्ल्यू २४० म्हणजे त्याहून मोठे, ही भाषा आयव्हरी कोस्टपासून व्हिएतनामपर्यंत सगळे बोलतात आणि तुटके, डागी, किडके किती टक्के चालतील याचं अमेरिकेतल्या खाद्यपदार्थ व्यापाऱ्यांच्या असोसिएशननं, एएफआयनं, ठरवलेलं माप सौद्यात धरलं जातं. डिचोलीतल्या सोलणाऱ्या बाईला तुकडा बाजूला टाकायला लावणारा नियम अमेरिकेत बसून व्यापाऱ्यांनी केलेला आहे, त्याला कुठल्याच विधानसभेनं मंजुरी दिलेली नाही. आणि तो सगळे पाळतात कारण नाही पाळला तर पुढची ऑर्डर येत नाही. तुमच्या अभ्यासात अशी खासगी मापं वेगळी काढा, विद्यार्थी सहसा कायद्यावरच थांबतात.

आता पलीकडची बाजू. १९६१च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं हे आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि तो पासपोर्ट घेऊन कितीतरी माणसं पोर्तुगालला न थांबता इंग्लंडमध्ये स्विंडनला गेली, कारण तेव्हा युरोपियन युनियनमध्ये कुठेही राहून काम करता यायचं. ब्रेक्झिटनंतर ३१ डिसेंबर २०२०ला ती वाट बंद झाली, आधीपासून तिथे असलेल्यांना अर्ज करायला ३० जून २०२१पर्यंत मुदत होती. माझ्या मुलाखती नेमक्या याच काळात, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओवर, त्यांच्या रात्रीच्या शिफ्टनंतर.

त्यातली सासष्टीची एक बाई माझ्या कायम लक्षात आहे. वेअरहाऊसमध्ये काम करायची आणि शनिवार-रविवारी घरी शाकुती, सोरपोतेल, सान्नां करून विकायची. तिला मी विचारलं सुरू करायला काय करावं लागलं. म्हणाली काउन्सिलला २८ दिवस आधी नाव नोंदवायचं, फुकट, मग माणूस येऊन किचन बघून गेला आणि हायजीनचं रेटिंग दिलं, शून्य ते पाच असतं, मला पाच मिळालं. कंपनी काढायची म्हटली तर ती पण ऑनलाइन, तेव्हा १२ पौंडात. आता आपल्याकडे बघा, घरगुती खाद्यपदार्थांना एफएसएसएआयची साधी नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होत होती, म्हणजे कागदावर आपण काही फार महाग नव्हतो. मग फरक कुठे. तिनंच सांगितला. इंग्लंडमध्ये ते रेटिंगचं स्टिकर दारावर लावायची कायद्यानं सक्ती नाही, वेल्समध्ये आहे, पण नाही लावलं तर गिऱ्हाईक म्हणतं काहीतरी लपवतेय. म्हणून सगळे लावतात. तिथे कायद्याचा खांब आणि रीतीचा खांब एकमेकांना टेकून उभे आहेत. मडगावात मी खानावळीत जेवायला जाताना भिंतीवरचं लायसन्स कधी वाचलं नाही, मी विचारते हिची आई कोण, कुठल्या वाड्यावरची. आपल्याकडे विश्वास ओळखीवर चालतो आणि तोही नियमच आहे, पण तो स्विंडनला नेता येत नाही, तिथल्या इंग्रज शेजाऱ्याला तिची आई माहीत नसते. तिच्या पहिल्या गिऱ्हाइकांत सगळे गोंयकार होते, पाच रेटिंगचं स्टिकर मिळाल्यावर बाकीचे आले. क्लोस्टरमन, व्हान डर लेउन आणि राथ या डच अभ्यासकांनी १९९९ला याला "मिक्स्ड एम्बेडेडनेस" म्हटलं, म्हणजे परदेशी गेलेल्याचा धंदा एक पाय आपल्या माणसांत आणि एक पाय त्या देशाच्या नियमांत ठेवून उभा राहतो. मी तो पेपर आधी दोनदा वाचला होता, समजला तिच्याशी बोलल्यावर.

ज्यांना काजू-फेणीत रस नाही, स्टार्टअपवर करायचंय, त्यांनी कंपन्यांचं घर बदलणं बघावं. कितीतरी भारतीय स्टार्टअप कागदोपत्री सिंगापूरच्या किंवा अमेरिकेतल्या डेलावेअरच्या, काम सगळं बेंगळुरूला. कारण गुंतवणूकदाराला तिथली कोर्टं आणि तिथले कंपनी कायद्याचे निकाल ओळखीचे असतात, आणि आपल्याकडे २०१२पासून एंजल टॅक्सचं, म्हणजे स्टार्टअपला जास्त भावानं मिळालेल्या गुंतवणुकीवरच्या कराचं, भूत होतं, ते जुलै २०२४च्या बजेटमध्ये काढलं. आता उलटा प्रवास चालू आहे, फोनपेनं २०२२ला सिंगापूरहून घर भारतात आणलं तेव्हा गुंतवणूकदारांना ८००० कोटींच्या आसपास कर भरावा लागला. धंदा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त नियम बदलून घ्यायची ती किंमत. कोणीतरी यावर मराठी माणसांच्या मुलाखती घेऊन करायला पाहिजे, मला वेळ मिळाला असता तर मी केलं असतं.

इतिहासाकडे वळायचं असेल तर पर्वरीला झेवियर सेंटरमध्ये पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे कागद आहेत, १८व्या-१९व्या शतकातला व्यापार, मकाव, मोझांबिक, मॉरिशसपर्यंतचा, पोर्तुगीज, फ्रेंच, मराठी, गुजराती अशा कितीतरी भाषांतली पत्रं. अवनेर ग्रीफ यांनी मध्ययुगातल्या भूमध्य समुद्रावरच्या माघ्रिबी ज्यू व्यापाऱ्यांचं जे दाखवलं, की कोर्ट पोहोचत नाही तिथे आपसातल्या नावावर आणि पत्रांवर व्यापार चालतो आणि एकाला फसवलं तर कोणीच परत काम देत नाही, ते वाचून मग ही पत्रं बघा. मात्र त्याच कागदांत अफू आहे आणि माणसांची खरेदी-विक्री पण आहे. बॉमलचं म्हणणं तिथे अंगावर येतं, नियमानं मुभा दिली म्हणून हुशार, कष्टाळू, शब्दाची पक्की माणसं काय काय विकत होती ते बघून. मोडी येत असेल तर तुमची तिथे फार गरज आहे. छापील वाचनाला पणजीत पाटोवरची कृष्णदास शामा लायब्ररी, १८३२ची, तिथे गोव्याचा विभाग वेगळा आहे.

भाषेचं एक. माणसं माझ्याशी कोंकणीत बोलायची, मी टिपणं मराठीत काढायचे, प्रबंध इंग्रजीत. या तीन उड्यांमध्ये फार सांडतं. "वळख" हा शब्द मी सुरुवातीला सगळीकडे नेटवर्क असा लिहिला, नंतर रेकॉर्डिंग परत ऐकलं तर कोणी ओळख म्हणजे हमी म्हणत होतं, कोणी वशिला म्हणत होतं, कोणी नुसतं नाव-गाव माहीत असणं. तीन वेगळे नियम मी एका इंग्रजी शब्दाखाली पुरले होते. म्हणून बोललेलं तसंच्या तसं देवनागरीत उतरवा, कोडिंग म्हणजे वाक्यांना विषयाची लेबलं लावणं, ते त्यावरच करा, इंग्रजी सगळ्यात शेवटी.

पैशांचं पण बोललं पाहिजे. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरच्यांना मिळणारी सरकारी फेलोशिप, मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत, त्यात घर चालतं, नुसत्या नेटवर चालत नाही. मला जेआरएफ नव्हती, मी सकाळी कॉलेजात लेक्चर बेसिसवर शिकवायचे, सुट्टी पडली की पैसे नाहीत. एका ऑफिसात निर्यातदारांची यादी मागायला अकरा खेपा घातल्या आणि शेवटी "वरून पत्र आणा" म्हणून परत पाठवलं. ती यादी मला मिळालीच नाही, मी एकाकडून दुसऱ्याकडे अशी माणसं गाठत गेले. पण त्या अकरा खेपांची तारखांसकट नोंद मी ठेवली होती आणि ती प्रबंधात गेली, कारण नवीन धंदेवाल्याच्या वाट्याला हेच येतं.

पुढे काय, तर प्राध्यापकी आहेच, पण माझ्याबरोबरचा एक जण बँकेच्या ट्रेड फायनान्स डेस्कला लागला, एक मुलगी छोट्या निर्यातदारांना कागदपत्रांचा सल्ला देते आणि तिचं बरं चाललंय. मला विचाराल तर तिचं काम बघून कधीकधी वाटतं आपण पण हेच करावं, कारण एखाद्याचा कंटेनर तिच्यामुळे वेळेत सुटतो.

ज्या मुलीनं विचारलं होतं तिला मी शेवटी एवढंच काम दिलंय, अजून सिनॉप्सिस लिहू नकोस. घरातला किंवा वाड्यावरचा एक धंदेवाला बघ ज्याचा माल किंवा माणूस कुठल्या तरी रेघेपलीकडे जातो, मग ती गोव्याच्या हद्दीवरची पत्रादेवी असो की दुबई, आणि त्याची एक फाईल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत वाच, प्रत्येक कागदाखाली लिही हा कोणाचा नियम. काल तिचा फोन आला, पेडण्याच्या तिच्या मामांची मिरची जाते मुंबईला, फाईलमध्ये चार कागद आहेत आणि पाचव्या जागी एका माणसाचं नाव आहे, त्याचा कागदच नाही, मामा म्हणतात तो नसेल तर माल जात नाही. मी तिला म्हटलं आधी त्या माणसाला भेटून ये.